पाठीमागची जागा

१

चष्म्याच्या दुकानात लोक त्याला शेठ म्हणत, घरी बायको अहो म्हणे, पण छायाचित्र मंडळाच्या लाकडी जिन्यावर त्याचं पाऊल वाजलं की वरून हाक यायची, "या जावईबापू!" केसांत पांढरं डोकावू लागलं होतं, स्वतःची मुलगी शिकायला परगावी होती, तरी मंडळात तो जावईच. कारण त्याचे सासरे मंडळाचे अध्यक्ष. होते, असं म्हणायला हवं. पद सोडून बरीच वर्षं लोटली होती, मधल्या काळात आणखी दोघंतिघं त्या खुर्चीवर बसून गेले, पण अध्यक्ष म्हटलं की तेच.

मंडळ जुनं होतं. काचेच्या प्लेटांवर फोटो निघायचे त्या काळात चौघांनी मिळून काढलेलं. एक घड्याळजी, एक डॉक्टर, "आणि उरलेल्या दोघांची आपसात बोलचाल नव्हती," असं चिटणीस प्रत्येक नव्या पाहुण्याला सांगत आणि स्वतःच हसत. लोखंडी सामानाच्या दुकानावरचा लांबट हॉल ही मंडळाची जागा. रविवारी सकाळी जमायचं, एकमेकांच्या फोटोंना नावं ठेवायची, चहा प्यायचा आणि रुसवेफुगवे घेऊन घरी जायचं. पुढच्या रविवारी पुन्हा हजर.

वर्षातून एकदा मात्र कुणी रुसायचं नाही. त्या दिवशी एकउजेड असे.

ही प्रथा संस्थापकांची. हॉलच्या मधोमध जड लाकडी खुर्ची ठेवायची. तिच्यात एका सभासदानं बसायचं. बाकीच्यांनी भोवती गोल करून आपापले कॅमेरे स्टँडवर लावायचे. खिडक्यांवर काळे पडदे, दिवे बंद, डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. मग चिटणीस म्हणत, "उघडा." सगळे शटर उघडून ठेवत. अंधारात काही उमटण्याचा प्रश्नच नाही. मग एकदाच फ्लॅश. "मिटा." झालं. पूर्वी फ्लॅश नव्हते, पूड पेटवत. त्यात घड्याळजींच्या भुवया गेल्या त्या पुन्हा काही आल्या नाहीत.

त्यातली गंमत अशी, की प्रत्येकाचा फोटो वेगळा, पण क्षण एकच. पुढच्या रविवारी ते सगळे ओळीनं भिंतीवर लागत. समोरून चेहरा, मग गाल, मग कान, मग नुसते केस, मग दुसरा कान, आणि फिरून चेहरा. एका माणसाभोवती एका क्षणात प्रदक्षिणा घातल्यासारखं वाटे.

पाठीमागची जागा कुणालाच नको असायची. केसांचा फोटो काय काढायचा? म्हणून जो सगळ्यात उशिरा येईल त्याच्या गळ्यात ती पडे.

२

अध्यक्ष एकउजेडाच्या खुर्चीत कधी बसले नव्हते. फ्लॅशचं बटण नेहमी त्यांच्या हातात. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "मला सगळ्या बाजूंनी बघून घ्यायची हौस नाही बाबा."

मग त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. लेकीनं त्यांना आपल्या घरी आणलं. ती त्यांची एकुलती एक. लहानपणी ते तिला ठकू म्हणायचे आणि पन्नाशी जवळ आली तरी ठकूच म्हणत. आता ते काहीच म्हणत नव्हते. तिला बाकी कशाचं इतकं दुःख नव्हतं. भरवणं, पुसणं, कूस बदलणं ती न कुरकुरता करी. पण संध्याकाळी त्यांच्या उशाशी बसून म्हणे, "बाबा, एकदा ठकू म्हणा ना. नुसतं ठ म्हणा." ते बघत राहत. ती पदरानं डोळे टिपून स्वयंपाकाला लागे.

त्या वर्षी चिटणीसांनी जावयाला बाजूला घेतलं. "अध्यक्षांना बसवू या का खुर्चीत? पुन्हा योग येतो न येतो."

जावयाला ते पटलं. बायकोला पटलं नाही.

"बाबांना आवडायचं नाही ते."

"अगं, जन्मभर सगळ्यांचे फोटो काढले त्यांनी. त्यांचा एक नको?"

"त्यांना विचारा तरी."

त्यानं विचारलं. ते त्याच्याकडे बघत राहिले. त्यानं त्याचा अर्थ होकार असा घेतला. घ्यायला सोपा होता.

रविवारी चौघांनी त्यांना घरच्या खुर्चीसकट जिन्यानं वर नेलं आणि त्या जड खुर्चीत बसवलं. चेहरा एका बाजूला ओघळल्यामुळे कवळी नीट बसत नव्हती, ती घरीच डबीत ठेवली होती. मंडळातल्या डॉक्टरीणबाई, दातांच्या, दवाखाना आवरून धापा टाकत शेवटी आल्या. "आलं माझ्या नशिबी पाठीमागचं!" असं म्हणत त्यांनी आपला कॅमेरा मागे लावला. जावयाची जागा डाव्या कानासमोर होती.

दिवे गेले. "उघडा."

फ्लॅश पडला आणि विझला. एवढ्या अंधारात एकदम उजेड पडला की पाहिलेलं दृश्य डोळ्यांपुढे थोडा वेळ हिरवट होऊन तरंगत राहतं. जावयाचा धंदाच डोळ्यांचा, त्याला हे चांगलं ठाऊक होतं. त्याच्या डोळ्यांपुढे कान तरंगत होता. लांबट पाळी, कानातले पांढरे केस, मागे चष्म्याच्या काडीनं पडलेला जुना खळगा.

"मिटा," चिटणीस म्हणाले.

आणि दिवे लागायच्या आत, खुर्चीच्या बाजूनं कुणीतरी ओठ विलग केल्यासारखा, अगदी बारीक, ओला आवाज झाला.

३

कॅमेऱ्यातला फोटो दुकानातल्या संगणकावर उघडला, तेव्हा जावई आधी स्वतःवरच चिडला. जागा चुकली की काय आपली? फोटोत बाबा सरळ त्याच्याकडे बघत होते.

मग त्यानं नीट पाहिलं. जागा चुकली नव्हती. खुर्चीचा हात बाजूनं दिसत होता. खांदा बाजूनं दिसत होता. सदऱ्याची बटणं दिसत नव्हती, कारण बाजूनं ती दिसायची नाहीतच. फक्त मानेवरचा चेहरा पूर्ण समोर होता. वळवलेला असावा म्हणावं, तर मान वळली की तिला पीळ पडतो, शिरा ताणतात. तसलं काही नव्हतं. ओठ मिटलेले. डोळे त्याच्यावर.

'फ्लॅशच्या आधी वळले असतील बाबा,' त्यानं मनाशी म्हटलं. 'पण मग तो कान?' 'भास. आपण कान दिसणार म्हणून बसलो होतो, कान दिसला.' माणसाला चष्म्याचा नंबर चुकीचा लागला की तो काय काय वाचतो ते त्याला रोज दिसत होतं. त्यानं फोटो छापून पाकिटात घातला.

रविवारी हॉलमध्ये चिटणीस एकेक पाकीट उघडून फोटो टाचणीनं लावत होते. समोरचा लावला. "वा!" शेजारचा लावला. "काय नजर आहे!" तिसऱ्याला कुणी काही बोललं नाही. चौथा जावयाचा. पुढचे लावताना चिटणीसांचे हात सावकाश होत गेले.

भिंतीवर सगळीकडून अध्यक्ष समोर बघत होते. प्रत्येक फोटोत खुर्ची थोडी थोडी फिरली होती, खांदे फिरले होते, सावली जिथं पडायला हवी तिथंच पडली होती. चेहरा तेवढा फिरायचा राहिला होता.

"म्हातारा काय भोवऱ्यासारखा फिरत होता काय रे?" एकानं विनोद केला. 

"त्यांनी प्रत्येकाकडे बघितलं असेल पाळीपाळीनं," दुसरा म्हणाला.

"पाळीपाळीनं?" चिटणीस म्हणाले. "अहो, उजेड एकदाच पडला."

 ओळीच्या मधोमध एक जागा रिकामी होती. पाठीमागची. डॉक्टरीणबाई आल्या नव्हत्या आणि त्यांचं पाकीटही नव्हतं. चिटणीसांनी तिथं नुसती टाचणी टोचून ठेवली. मग चहा आला, कुणी घेतला, कुणी नाही, आणि वर्षानुवर्षांत पहिल्यांदाच मंडळी लवकर उठली. शेवटच्यानं दिवा मालवताना भिंतीकडे पाठ करायचं टाळलं, हे जावयानं पाहिलं. शेवटचा तो स्वतःच होता.

४

घरी त्यानं बायकोला काही सांगितलं नाही. काय सांगणार? "तुझे वडील सगळीकडे बघतात"? ती म्हणाली असती, बघू देत की.

दुसऱ्या दिवशी बाबांची चादर बदलायची होती. ती खिडकीच्या बाजूनं, तो दाराच्या बाजूनं, मध्ये बाबा उताणे. सकाळचं ऊन पलंगावर आलं होतं. तो आपल्या बाजूचं टोक गादीखाली खोचत होता आणि वर न बघताही त्याला जाणवत होतं, की बाबा आपल्याकडे बघतायत. त्यानं वर बघितलं. बघतच होते.

"बघा ना, कसे टक लावून बघतायत माझ्याकडे," पलीकडून ती कौतुकानं म्हणाली.

चादरीचं टोक त्याच्या हातातच राहिलं.

"तुझ्याकडे?"

"मग कुणाकडे?"

"दोन्ही डोळ्यांनी?"

"अहो, म्हणजे काय? एका डोळ्यानं बघतात का माणसं?" ती हसली. "काय बाबा? कसे आहेत आमचे हे!"

झटक्यानंतर एखादा डोळा सरकतो. चकणेपणा येतो. त्याच्या दुकानात अशी माणसं येत. त्यानं खिशातली छोटी बॅटरी काढली आणि बाबांच्या डोळ्यांत उजेड टाकला. दोन्ही बाहुल्यांत, अगदी मधोमध, उजेडाचा ठिपका बसला. डोळे सरळ होते. त्याच्यावर होते.

"त्रास नका देऊ त्यांना," बायको म्हणाली. "आणि तो अभ्रा काढा जरा. बघा, परवाच घातलेला नवा, मधोमध विरलाय. आणि ओला किती होतो! डोक्याला एवढा घाम येतो का हो माणसाच्या?"

त्यानं बाबांचं डोकं एका हातानं उचलायला म्हणून हात मानेखाली घातला, आणि का कोण जाणे, पुढे सरकवायला त्याचं मन होईना.

"राहू दे," तो म्हणाला. "झोपू देत. मग काढू."

"तुम्ही आणि तुमचं मग!" ती म्हणाली. पण तिनंही तेव्हा हट्ट धरला नाही. दोघं खोलीबाहेर पडले, ती पुढे, तो मागे. दारातून त्यानं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काय दिसलं असतं, ते त्याला माहीत होतं.

५

पुढच्या रविवारी तो मंडळात न जाता डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेला. दवाखाना बंद होता, पण त्या आत होत्या. हत्यारं उकळून मांडून ठेवत होत्या. त्याला पाहून त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला.

"चिटणीसांनी पाठवलं का?"

"नाही, मीच आलो. तुमचा फोटो राहिलाय."

"आला नाही माझा."

"केसच आले असतील ना नुसते? तेवढं सांगा, की जातो."

त्या सिंककडे वळल्या. नळ सोडून हात धुऊ लागल्या, स्वच्छ असलेले हात, कोपरापर्यंत.

"पुसून टाकला मी तो," त्या म्हणाल्या. "कॅमेऱ्यातलं कार्डही मोडलं. तुमच्या फोटोत त्यांचं तोंड कसं होतं? मिटलेलं?"

"हो. सगळ्यांच्याच."

"त्या दिवशी कवळी होती तोंडात?"

"नव्हती. डबीत होती घरी. ती बसतच नाही त्यांना."

"तेच म्हटलं." त्यांनी नळ बंद केला. "माझ्या फोटोत तोंड उघडं होतं, जावईबापू. आणि दात होते."

त्याला बसायला खुर्ची हवी होती, पण तिथं एकच होती, दिव्याखालची, रोग्याला आडवं करायची. तो उभाच राहिला.

"कवळीच असेल," तो म्हणाला. "गडबडीत कुणीतरी घातली असेल."

"कवळी मला कळते हो. जन्म गेला माझा लोकांच्या तोंडात बघण्यात." त्या टॉवेल घेऊन हात पुसत होत्या, पुसतच होत्या. "आणि तुम्ही हे विचारतच नाही आहात, की मी कुठं उभी होते."

त्यानं मांडून ठेवलेल्या हत्यारांकडे नजर वळवली.

"घरी टेकूनच असतात ना ते?" त्यांनी हळूच विचारलं. "उशी असते ना मागे?"

"असते."

"असू दे. उशी काढू नका."

जावयाच्या डोळ्यांपुढे विरलेला अभ्रा आला. त्यानं खिशातून फोन काढून घरी लावला. घंटा वाजत राहिली. सकाळी निघताना बायको काय म्हणाली होती, ते त्याला तेव्हा आठवलं. 'ऊन छान पडलंय, आज बाबांना न्हाऊ घालते डोक्यावरून.' तो हो म्हणाला होता. चपला घालता घालता, लक्ष नसताना, हो म्हणाला होता.

६

मागच्या अंगणाचं दार उघडंच होतं. अंगणात ऊन होतं, वाफाळत्या पाण्याची बादली होती, साबणाचा वास होता. बाबांना तिनं स्टुलावर बसवलं होतं. बिनपाठीच्या. एका बाजूला पाण्याच्या टाकीचा आधार होता, तिच्यावर डावा खांदा टेकलेला. तोंड दाराकडे. जावई दारात येताच बाबांची नजर त्याच्यावर आली आणि तिथंच राहिली.

बायको त्यांच्या मागे उभी होती. एका हातात तांब्या होता. जावई आल्याचं तिला कळलं नव्हतं. ती वाकून बाबांच्या ओल्या केसांकडे बघत होती, वीतभर अंतरावरून.

"असं काय बघता बाबा?" ती लाडानं म्हणाली. "झालंच हं."

आणि तिनं पाणी ओतलं. ओतताना दुसऱ्या हाताचा तळवा आडवा धरला, लहान मुलाच्या कपाळावर धरतात तसा. साबण डोळ्यांत जाऊ नये म्हणून. तळवा मागच्या बाजूला होता.

जावयाला तिला हाक मारायची होती. तेवढ्यात तांब्या रिकामा झाला.

ती एकदम थांबली. कान देऊन ऐकल्यासारखी आणखी वाकली. "काय?" तिनं विचारलं. "काय म्हणालात?"

समोर बाबांचे ओठ मिटलेले होते. एक बारीक रेघ, जराही न हलणारी.

मग तिचा चेहरा असा उजळला, की इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं तो तसा पाहिला नव्हता. तिनं मान वर केली, तिला तो दिसला, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"अहो! आलात तुम्ही? बाबा बोलले! ठकू म्हणाले! स्पष्ट, अगदी पहिल्यासारखं!"

"तू इकडे ये," तो म्हणाला. "पुढे ये आधी."

"थांबा हो, अजून बोलतायत." ती पुन्हा वाकली. हसत, मान डोलावत ऐकू लागली. मग म्हणाली, "म्हणतायत, तुम्ही जरा बाहेर थांबा. आमचं बापलेकीचं काहीतरी आहे."

तेव्हा बाबांचं डोकं हललं. इतकं थोडं, की कुणाला थरथर वाटली असती. डावीकडे, उजवीकडे. डावीकडे, उजवीकडे. त्यांच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं, आणि ते बादलीतलं नव्हतं. ते डोळे त्यानं ओळखले. एकउजेडाबद्दल विचारायला गेला होता तेव्हा हेच डोळे त्याच्याकडे बघत होते, आणि तेव्हाही ते हेच सांगत होते.

"हलू नका ना बाबा," ती मागून म्हणाली. "बोला तुम्ही. मी ऐकतेय."

तो बाहेर गेला नाही. तो पुढे झाला, ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसला आणि त्यानं बाबांचा हात हातात घेतला. हाती लागला तो उजवा, मांडीवर पडलेला, गार, झटक्यापासून मेलेला हात.

"मी इथंच आहे बाबा," तो म्हणाला. "कुठं जात नाही मी. अगं, तू पुढे ये. माझं ऐक. फक्त पुढे ये."

 तिनं तांब्या बादलीत ठेवल्याचा आवाज आला.

"बरं," ती म्हणाली. त्याला नव्हे. मग त्याला म्हणाली, "अहो, म्हणतायत, मग तुम्हीच या मागे. जावयाशी पण बोलायचंय त्यांना."

त्याच्या हातातली गार बोटं मिटली. एकेक करून, सवय नसल्यासारखी, त्याच्या मनगटाभोवती बसली. समोर बाबांनी डोळे घट्ट मिटून घेतले. जावयाला वाटलं, धरून ठेवतायत आपल्याला. जाऊ देत नाहीत. त्यानं आपला दुसरा हात त्या हातावर ठेवला, आणि तेव्हा त्याला कळलं की तो हात त्याला धरून ठेवत नाही. ओढतोय. बाबांचं कोपर, जिकडे कोपर वळत नाही त्या बाजूला, पाठीमागे वळत होतं.

"या ना," त्याची बायको म्हणाली. "किती वेळ ताटकळत ठेवता त्यांना?"